तीन दिवसांची घसरण

माझ्या नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा आहे. तारीख, वेळ, पट्टा, केंद्र कुठलं, किती जोरात ऐकू आलं, हे सगळे रकाने भरलेले आणि शेऱ्याचा मात्र कोरा. हौशी रेडिओवाल्याला हे शोभत नाही, असं नालासोपाऱ्याच्या काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "आकडा कोणीही लिहील. त्या वेळी तुझ्याकडे काय चाललं होतं ते लिही." मी मान डोलवायचो आणि आकडाच लिहायचो.

त्या दिवसांत मला एक मोठा शोध लागला होता. वसईच्या किनाऱ्यावरचं आकाश तीन-तीन दिवसांच्या चक्रानं रेडिओच्या लहरी गिळतं, असा तो शोध. आज लिहितानाही कान गरम होतात. पण लिहायचं ठरवलंय तर सगळंच लिहितो.

आम्ही वसईच्या पाचूबंदरचे ख्रिस्ती कोळी. वडील बोटीवर, आई बाजारात. मी मात्र बोट लागणारा निघालो, शिकलो आणि एका कचेरीत चिकटलो. लहानपणी वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर थंडीच्या दिवसांत गुजरातचं केंद्र असं खणखणीत लागायचं की मुंबईचं त्याच्यापुढे कुजबुजल्यासारखं वाटायचं. असं का, म्हणून विचारलं तर वडील जाळं विणता विणता म्हणायचे, "पान्यावरनं आवाज थकत नाय." मला ते उत्तर पुरं पडलं नाही. पुढे चाळिशीला आल्यावर मी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला, त्याचं मूळ तिथंच असावं.

काका म्हणजे माझे नातेवाईक नव्हेत. ते तारखात्यातून निवृत्त झालेले, नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्यावर राहणारे आणि खिडकीतून एक वीतभर जागा मिळाली तरी तिथून तार बाहेर सोडणारे. काचेच्या ग्लासवर चमचा वाजवून त्यांनी मला मोर्स शिकवला. रोज संध्याकाळी आम्ही हातातल्या छोट्या संचावर बोलायचो आणि आज आकाश कसं होतं याची चर्चा करायचो. बायको म्हणायची, दोन म्हातारे एकमेकांना हवामान सांगतात. मी तेव्हा काही म्हातारा नव्हतो.

दूरचं ऐकण्यासाठी मी मागच्या अंगणात बांबू उभा केला आणि त्याच्या टोकापासून दोन्ही बाजूंना तांब्याची तार उतरवली. एका बाजूचं टोक माडाला बांधलं, दुसऱ्या बाजूचं नायलॉनच्या दोरीनं न्हाणीघराच्या भिंतीला. भिंतीकडचं टोक बरंच खाली यायचं, हात वर केला की लागेल इतकं. माडीवरच्या खोलीत रेडिओ आणि त्याला जोडलेला जुना संगणक. जगभरातली माझ्यासारखी माणसं अगदी थोड्या विजेवर, शून्याचा बल्बही नीट पेटणार नाही एवढ्यावर, आपापली खूण आकाशात सोडत असतात. माझा संगणक दर दोन मिनिटांनी त्या खुणा ऐकायचा आणि कोण किती जोरात आलं ते लिहून ठेवायचा. मी कचेरीत, बायको तिच्या शाळेत, आणि हे काम आपलं चालूच. संध्याकाळी येऊन दिवसभराचा आलेख बघायचा, हा माझा आनंद.

तार ताणली त्या दिवशी आई ओट्यावरच्या खुर्चीत बसून बघत होती.

"ह्याच्यात करंट हाय?"

"नाही गं. नुसतं ऐकायचं आहे. हात लावलास तरी काही होत नाही."

हे मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं.

आईचे गुडघे त्याच सुमारास गेले. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन बाजार केलेली बाई. डॉक्टरांनी झीज दाखवली आणि मी हुकूम काढला. बाजार बंद, बंदरावर जाणं बंद, वाळत घालणं तर बंदच बंद. ती म्हणाली, "बरं." माझ्या आईनं एवढ्या पटकन बरं म्हटल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. तरी मला शंका आली नाही. मला वाटलं, माझ्या शब्दाला घरात वजन आलं.

संध्याकाळी मी माडीवरून खाली आलो की ती विचारायची, "आज कुठवर ऐकलंस?"

"जपान."

"थय बोंबील गावतात?"

"ते नाही माहीत."

"मंग काय ऐकलंस!"

रोजचं हे. देश बदलायचा, प्रश्न तोच. कधी कधी मी तिला खूश करायला सांगायचो की हो, तिथं खूप बोंबील मिळतात. मग ती म्हणायची, "पन आपल्यासारकं नसतील."

पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात गेल्या आणि माझ्या आलेखात ती घसरण दिसायला लागली. सकाळी सगळं ठीक. अकरा-साडेअकराच्या पुढेमागे सगळी केंद्रं एकदम मंद. जपान मंद, युरोप मंद, इतकंच काय, आकाशातला नेहमीचा गोंगाटही मंद. चार-साडेचारला पुन्हा एकदम पूर्ववत. दुसऱ्या दिवशी तेच, पण कमी. तिसऱ्या दिवशी अगदी थोडं. मग एक-दोन दिवस काही नाही आणि पुन्हा पहिल्यापासून. मी महिन्याचा आलेख कागदावर काढून भिंतीला लावला आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. असं चक्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एकदा शोध लागलाय म्हटलं की माणसाला सगळंच पटायला लागतं. रविवारी घसरण कधीच दिसत नसे. मी म्हटलं, रविवारी कामणकडची गोदामं आणि कारखाने बंद, हवेतली धूळ कमी. पावसाळ्यात चक्र गायब. मी म्हटलं, दमट हवा. नाताळच्या आधी घसरण सर्वांत खोल. मी म्हटलं, थंडी. आता वाटतं, एखाद्या कोळणीच्या पोरानं रविवार, पावसाळा आणि नाताळ ही तीन नावं ओळीनं लिहून त्यांच्याकडे एकदा तरी नीट बघायला हवं होतं.

काकांना मी संचावर सगळं सांगितलं.

"माझ्याकडे नाही दिसत असं काही," ते म्हणाले.

"तुम्ही आत आहात, काका. समुद्रापासून लांब."

"नालासोपारा म्हणजे काय नाशिक आहे? रेषा पडायला किती वेळ लागतो?"

"दहा-पंधरा मिनिटं."

"अरे, सूर्य उगवला तरी आकाश सावकाश बदलतं. शाळेची घंटा झाल्यासारखं नाही बदलत. आधी तार बघ."

"बघितली. रविवारी अख्खी तपासली. काहीही नाही."

ते खरंच होतं. मला सुट्टी रविवारीच असायची आणि रविवारी तारेवर काहीही नसायचं.

असा एक हंगाम गेला, दुसरा निम्म्यावर आला. त्या हिवाळ्यात विरारला एका शाळेच्या सभागृहात आम्हा रेडिओवाल्यांचं संमेलन भरणार होतं. तिथं वाचायला मी निबंध लिहिला आणि त्याला 'पश्चिम किनाऱ्यावरील त्रिदिवसीय शोषणचक्र' असं भारदस्त नाव दिलं. कचेरीत मला कोणी विचारत नसे. पंचवीस वर्षं त्याच टेबलावर बसणारा माणूस मी. एकदा तरी चार लोकांसमोर उभं राहून कोणालाच माहीत नसलेली गोष्ट सांगावी, एवढीच इच्छा होती. पण काकांनी हो म्हटल्याशिवाय वाचायचं नाही, असंही मनात होतं. म्हणून एका मंगळवारी मी घरी न सांगता रजा टाकली आणि त्यांना घरी घेऊन आलो. घसरण त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवायची, म्हणजे प्रश्नच मिटला.

आम्ही आलो तेव्हा घराला कुलूप होतं. आई शेजारी किंवा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेली असेल असं समजून मी काकांना माडीवर नेलं. काकांनी चष्मा पुसला, पडद्यासमोर खुर्ची ओढली. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. खाली मागचं फाटक वाजलं, पण माझं लक्ष पडद्यावर. आणि मग रेषा खाली आली.

"बघा!" मी ओरडलोच. "आली की नाही?"

काका पडद्याला नाक लावून बघत होते. रेषा सरळ घसरत नव्हती, पायऱ्या उतरल्यासारखी येत होती. थोडी खाली, थांबली. पुन्हा थोडी खाली, थांबली.

"हे आकाश नाही," ते हळूच म्हणाले. "हे कोणीतरी हातानं करतंय."

ते उठले, मागच्या खिडकीशी गेले आणि तिथंच उभे राहिले. मग त्यांनी मला बोटानं बोलावलं.

खाली अंगणात आई स्टुलावर उभी होती. शेजारच्या स्टुलावर बांबूची टोपली. टोपलीतून दोन बोंबील उचलायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी तारेवर टाकायची. नायलॉनची दोरी भरून झाली होती. आता ती माझ्या तांब्याच्या तारेवर, हात पोचेल तिथपर्यंत, ओळीनं ओले बोंबील टांगत होती. खांद्यावर कावळे अडवायला जुनं जाळं. तोंडानं चर्चच्या मिस्सेतलं गाणं चाललेलं.

ओल्या बोंबलात मासा कमी आणि पाणी जास्त. तारेच्या नेमक्या टोकाला असा पाण्याचा भार लटकला की आलेल्या लहरींपैकी निम्म्या तिथंच जिरतात. दुसऱ्या दिवशी बोंबील अर्धे वाळलेले, म्हणून घसरण कमी. तिसऱ्या दिवशी काडीसारखे. आणि मी घरी यायच्या आत ती सगळे उतरवून ठेवायची, कारण मी वाळत घालायला मनाई केली होती.

काका हसायला लागले. वाईट नव्हतं ते हसणं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंतचं होतं, पण माझ्या डोक्यात सणक गेली. मी धाडधाड जिना उतरलो. आईला काय काय बोललो ते इथं सगळं लिहीत नाही. माझी दोन वर्षं मातीत घातलीस, हे बोललो. मला जगात हसं करायचं होतं का, हेही बोललो. आणि हातानं तारेवरचे बोंबील ओढून काढले. काही टोपलीत पडले, काही वाळूत.

ती स्टुलावर तशीच. "उतरते, उतरते. आरडू नको, पावने हायेत." खाली आल्यावर म्हणाली, "दोरी पुरली नाय. कपड्यांच्या दोरीवर घातले तं वास लागनार. तूच बोल्लास ना, हात लावला तरी काय व्हत नाय."

ती गुडघे न वाकवता, कमरेतून वाकून, वाळूतले बोंबील एक एक वेचायला लागली.

"आता नाय घालनार," ती म्हणाली. "परत नाय."

काका खाली आले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "वहिनी, ती जोडी कशी अडकवता? मला दाखवा ना." आईनं साडीला हात पुसले आणि त्यांना दाखवलं. पहिल्या दोन वेळा त्यांच्या हातून निसटले. तिसऱ्या वेळी जमलं तेव्हा दोघंही हसली. मी न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभा होतो.

रिक्षात बसताना काका मला म्हणाले, "तुझं मोजमाप चुकलेलं नाही. बोंबील किती वाळला ते तू दर दोन मिनिटांनी मोजलंस, असं कोणी केलं नसेल. शेऱ्यात लिही आणि संमेलनात जसंच्या तसं वाच. लोक डोक्यावर घेतील तुला."

मी संमेलनाला ताप आल्याचं कळवलं. शेऱ्यात काही लिहिलं नाही.

आईनं शब्द पाळला. पुढच्या हंगामात माझा आलेख पुस्तकात असतो तसा आला, सकाळ-दुपार-संध्याकाळ सावकाश चढणारा आणि सावकाश उतरणारा. मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. आई ओट्यावर खुर्चीत बसून राहायची. बंदराकडून कोणी टोपली घेऊन गेलं की मान वळवून बघायची. आज कुठवर ऐकलंस, हे विचारणं कधी बंद झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही. मधे दोन-चारदा मनात आलं, म्हणावं, घाल गं आई, तुझी वेगळी दोरी बांधून देतो. बांबू होता, दोरी होती, अर्ध्या तासाचं काम. पण तेव्हा रागावलो होतो ते चुकलं, असं आधी म्हणावं लागलं असतं. ते मला जमलं नाही.

गेल्या पावसाळ्यात ती गेली. आठ दिवस आजारी होती, फार त्रास झाला नाही.

महिन्याची मिस्सा झाली, बहिणी आपापल्या घरी गेल्या आणि एका रविवारी दुपारी मी माडीवर जाऊन जुने आलेख उघडले. त्या दोन हंगामांचे. काही शोधायचं नव्हतं, नुसतंच. आणि एकेक घसरण बघताना ती मला दिसायला लागली. इथं अकराऐवजी साडेबाराला सुरुवात, म्हणजे रिक्षा मिळाली नसेल. इथं दहा दिवस काहीच नाही, तेव्हा तिला ताप होता. इथं चक्र दुसऱ्याच दिवशी तुटलंय, त्या दिवशी ती माझ्या धाकट्या बहिणीकडे अर्नाळ्याला बारशाला गेली होती. नाताळच्या आधीची ती खोल घसरण म्हणजे माझ्या तिन्ही बहिणींना एकेक जुडी द्यायची म्हणून भरलेली टोपली. तिचा एकही व्हिडिओ माझ्याकडे नाही. फोटो आहेत ते लग्नातले, अवघडून उभी असलेली. इथं मात्र ती रोज कामाला येत होती आणि मिनिटाच्या हिशेबानं लिहिली गेली होती.

बायको चहा घेऊन वर आली. मी तिला दाखवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. तू रोज भाकरीबरोबर खात होतास ना? कुठून येतात वाटलं तुला?"

मला वाटलं होतं, बाजारातून.

मग मी तो तिसरा हंगाम उघडला, शब्द दिल्यानंतरचा. आणि काय करत होतो ते मला थोड्या वेळानं कळलं. मी घसरण शोधत होतो. एखाद्या दिवशी तरी तिनं मला फसवलं असेल. मी कचेरीत असताना एखादी टोपली आणून, चार जोड्या का होईना, टाकल्या असतील. एक एक दिवस मोठा करून बघितला. ऑक्टोबर, नोव्हेंबर, नाताळचा आठवडा, पुढे मेपर्यंत. कुठंही पायरी नाही. रेषा एकदाही एकदम खाली आलेली नाही. ज्या आलेखावर मी तेव्हा खूश होतो त्याच्यासमोर बसून मी रडलो.

गेल्या आठवड्यात बंदरावरून टोपलीभर बोंबील आणले. शनिवार होता, सोमवारपर्यंत रजा टाकली होती. स्टूल ठेवलं, छोटा संच कमरेला लावला आणि जोडी करायला घेतली. एक अडकला की दुसरा निसटे. आयुष्यभर जे डोळ्यांसमोर चाललेलं पाहिलं ते माझ्या हातांना येत नव्हतं. शेवटी मी संचावर काकांना हाक मारली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण संच उशाशीच असतो.

"काय रे, आज दुपारी कसा?"

"काका, आईनं तुम्हाला जोडी अडकवायला शिकवली होती. आठवते?"

त्यांचा आवाज आला, ग्लासवर चमचा वाजवताना असायचा तसाच सावकाश. "एकाचं तोंड उघड. दुसऱ्याचा खालचा जबडा त्यात घाल. आता अर्धा फिरव. ओढू नको, फिरव. ती म्हणाली होती, कुलपात किल्ली फिरवतात तसं."

फिरवला. जोडी तारेवर राहिली. दुसरी राहिली. ती तिच्या सुरकुतलेल्या हातांनी करायची त्याच्या तिप्पट वेळ लागला, पण अर्ध्या तासात तार भरली. जाळं टाकलं आणि माडीवर गेलो. रेषा खाली आली होती. तिच्याइतकी नाही, पण पायरीपायरीनं.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "शेरा लिही आता."

तीन दिवस रोज सकाळी घातले आणि संध्याकाळी काढले. तीन दिवसांत रेषा पूर्ववत झाली आणि बोंबील वाळले. मग मी नोंदवह्या काढल्या आणि रकाना भरायला बसलो. पहिल्या दोन हंगामांतल्या प्रत्येक घसरणीपुढे लिहिलं: आईनं बोंबील वाळत घातले. वही बदलली तरी शेरा तोच, लिहून लिहून हात भरून आला.

तिसऱ्या हंगामाची वही राहिली होती. तिच्यात ऑक्टोबरपासून मेपर्यंत एकही घसरण नाही. मी पहिल्या तारखेपुढे लिहिलं, मी नको म्हणालो. खाली प्रत्येक तारखेपुढे तेच लिहीत गेलो, रविवार सोडून.